सगळ्यावर पन्नास टक्के

त्या घरातली दोन माणसं कमी झाली. सकाळी अकराच्या सुमाराला, भांड्याला भांडंही न लागता. पण असं काही झालंच नाही, असं सगळे म्हणतात. तेव्हा आपणही झालं नाही असंच धरून चालू.

अकराला फोन वाजला तेव्हा शिवणवाल्या बाईंच्या तोंडात दोन टाचण्या होत्या.

"फोन कंपनीतून बोलतोय, ताई." आवाज इस्त्री केल्यासारखा होता. "तुमच्या घरचे चार नंबर एकाच बिलावर आहेत ना? तुम्हाला पन्नास टक्के सूट लागलीय."

"कशावर?" टाचण्या सांभाळत बाईंनी विचारलं.

"सगळ्यावर. तुम्हाला काही करायचं नाही. मेसेजमध्ये एक आकडा येईल, तो तेवढा वाचून दाखवा."

असे फोन फसवे असतात हे बाईंना चांगलं माहीत होतं. गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः बजावलं होतं. पण मशीनच्या सुईखाली शिवण अर्धी होती, आणि हात अडकलेल्या माणसाला 'नाही' म्हणण्यापेक्षा 'हो' म्हणणं लवकर उरकतं. त्यांनी सहा आकडे वाचले.

"झालं. आता निम्म्यात भागेल," आवाज म्हणाला आणि गेला.

बाईंनी लगेच बँकेचं खातं बघितलं. एक पैसा हलला नव्हता. चोर चोरायचं विसरला असावा, असं म्हणून त्या पुन्हा मशीनवर बसल्या.

दिवसभर एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर दुपारी गेलेला नवरा तासाभरात परत आला.

"हजेरीच्या मशीनने अंगठाच घेतला नाही. वॉचमन म्हणतो, यादीत नाव नाही. वॉचमनच नवा दिसतोय. म्हटलं, जाऊ दे, उद्या येतो."

बाईंनी चहा टाकला. उकळल्यावर दोघंही पातेल्याकडे बघत राहिली. चहा चार कप होता.

"पाहुणे येणारेत?"

"नाही. हातानेच टाकला."

मशीनवर शाळेचा फ्रॉक अर्धवट पडला होता. बाईंनी मापांची वही उघडली.

"अहो, हा फ्रॉक कुणाचा?"

"असेल कुणा गिऱ्हाइकाचा."

"गिऱ्हाइकाचं माप मी नावाने लिहिते. इथे नुसतं 'आपली' लिहिलंय. 'अंग वाढतंय, आत दोन इंच सोडणे.' अक्षर माझंच आहे." त्यांनी पान उलटलं. "आणि इथे 'आजोबा'. 'पायजमा. इलॅस्टिक नको म्हणतात, नाडीच.'"

"कुणाचे आजोबा?"

"तुमचे वडील असतील."

नवरा विचारात पडला. "वडील मला असणारच गं. कसे होते, तेवढं आठवत नाही."

"आणि ही आपली?"

त्याने वही ओढून ते पान स्वतः वाचलं. चहा गाळायचा राहून गेला.

गेल्या महिन्याच्या बिलावर नंबर चार होते. बाईंनी खऱ्या कंपनीला फोन लावला. त्यांचा फोन कंपनीसाठी किती महत्त्वाचा आहे हे त्यांना चाळीस मिनिटं ऐकवण्यात आलं. मग एक मुलगी बोलायला आली.

"अशी कुठलीच योजना नाही, मॅडम."

"मग ती रद्द करा."

"नसलेली योजना रद्द कशी करणार?"

"आधी चालू करा, मग रद्द करा. काय करायचं ते करा. माझी दोन माणसं गेलीत घरातून."

पलीकडे कीबोर्ड वाजला. "मॅडम, या खात्यावर दोनच नंबर आहेत. एक आजोबा आणि त्यांची नात. दोघंही व्यवस्थित आहेत. नातीने दुपारीच तक्रार नोंदवलीय, याच योजनेची. घरात शिलाई मशीन आहे आणि दोघांपैकी कुणालाच शिवता येत नाही, असं तिचं म्हणणं."

बाईंनी बिलावरचे चार नंबर पुन्हा मोजले. "मग मी कोण बोलतेय?"

"तेच बघतेय मी केव्हाची. तुम्ही ज्या नंबरवरून बोलताय, तो अजून कुणाला दिलेलाच नाही." पुन्हा कीबोर्ड वाजला. "आपली आणखी काही सेवा करू?"

त्या संध्याकाळी बाई सांगत गेल्या आणि नवरा लिहीत गेला.

'मा. ग्राहक सेवा अधिकारी यांस,

विषय : सवलत परत घेण्याबाबत.

महोदया, आपल्या नावाने देण्यात आलेल्या पन्नास टक्के सवलतीत आम्ही उभयता वजा झालो आहोत. मुलीचे नाव तूर्त आठवत नाही; आठवताच कळवू. तरी सदर सवलत तात्काळ काढून घ्यावी व आम्हा दोघांस पूर्ण दराने त्या घरी पुन्हा चालू करण्यात यावे, ही नम्र विनंती.'