मऊ कापूस

"आणखी कापूस आण! नवा आण, मऊ!" गादीवाला बायकोवर ओरडला. पुठ्ठ्याच्या खोक्यात मांजराचं पिल्लू तोंड उघडं टाकून श्वास ओढत होतं. बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या, नाकातून शिट्टी वाजत होती. बायकोने हातातलं दाभण गादीत खोचलं, कापसाचा भला मोठा पुंजका आणून खोक्यात कोंबला आणि तिथेच भिंतीला धरून खोकत बसली.

"झालं का तुझं सुरू?" तो म्हणाला. "घाबरतंय ना ते!"

पिल्लू दुकानामागच्या गल्लीत सापडून दहा दिवस झाले होते. बायकोचा खोकला सुरू होऊन अकरा वर्षं. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून जुन्या गाद्या फोडायच्या आणि त्यातला कळकट कापूस मशीनवर पिंजायचा, हे तिचं काम. तो पुढे बसून गिऱ्हाईक सांभाळायचा. तिच्या खोकल्यावर त्याचं औषध ठरलेलं होतं : कोमट पाणी पी. पिल्लासाठी मात्र तो दहा दिवसांत तीनदा प्राण्यांच्या दवाखान्यात धावला. थेंब आणले, वाफ दिली, स्वतःच्या रुमालाने नाक पुसलं. माणूस दुष्ट होता असं नाही. दुष्ट असता तर निदान चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

चौथ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पिल्लाआधी खोकंच तपासलं. चिमटीत कापूस धरून झटकला. खिडकीतल्या उन्हात धूळच धूळ उडाली, तशा त्या भडकल्या.

"याला कापसात ठेवता? मग औषध काय कप्पाळ लागू पडणार! धूळ जातेय त्याच्या छातीत. आजच्या आज दुकानातून हलवा. आठवडाभरात ठणठणीत होईल. परत तिथे नेलंत तर मात्र हाती लागणार नाही."

गादीवाल्याचा चेहरा उतरला. दुकानात येऊन त्याने बायकोला सगळं शब्दन् शब्द सांगितलं. "माझ्या हातांनी मारत होतो गं मी त्याला! धुळीने गुदमरत होतं बिचारं, आणि मला कळलं नाही." त्याच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं.

बायकोचा हात थांबला. ती त्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली.

"तू असं कर," तो म्हणाला, "याला घेऊन तुझ्या बहिणीकडे जा. आठवडाभर तिथेच राहा. त्याला एकटं वाटायला नको."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिने पिशवीत दोन कपडे कोंबले, खोकं उचललं आणि निघाली.

बहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथे चौथ्या दिवशी पिल्लाची शिट्टी थांबली. सहाव्या दिवशी ती खालून दूध घेऊन जिना एका दमात चढून आली. वर पोचल्यावर तिच्या ते लक्षात आलं. ती शेवटच्या पायरीवर बसून रडली, आणि ते रडणं आनंदाचं नव्हतं. अकरा वर्षांचा संताप होता तो.

आठव्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. पिल्लू त्याच्या पायात घोटाळू लागलं. त्याने ते उचललं, छातीला कान लावला आणि लहान मुलासारखा हसला. "बघ, जरासुद्धा आवाज नाही!" तिच्याही छातीत आवाज नव्हता. पण तिथे कान कोण लावणार?

"याला इथेच राहू दे," तो म्हणाला. "काही झालं तरी मी याला परत त्या धुळीत नेणार नाही." मग त्याने घड्याळ पाहिलं. "तू चप्पल घाल. बारा गाद्या तुंबल्यात."

तिने पिल्लू त्याच्या हातातून काढून घेतलं आणि दार ओढता ओढता म्हणाली, "आधी त्या डॉक्टरीणबाईंना विचारून या, बायकोला न्यायचं का. त्या हो म्हणाल्या तर येते."