दोन विटा

जयवंताबाईंनी बाज एका हातानं उचलली, डोक्याकडच्या पायाखालची वीट ओढली आणि अंगणात भिरकावली. दुसरीही तिच्या मागोमाग गेली. कोंबड्या ओरडत पळाल्या.

"घरात काय तमाशा लावला हा? बाज अशी तिरपी ठेवते का कोनी?"

त्यांची सून सुनयना चुलीपाशी ताट घेऊन बसली होती. पित्ताची पिशवी काढून ती आदिलाबादच्या दवाखान्यातून घरी आली, त्याला जेमतेम पंधरवडा झाला होता. पोटावरचे टाके सुकले, पण आडवं झालं की छातीत जाळ उठायचा आणि आंबट पाणी घशाशी यायचं. डॉक्टरनं त्यावर उपाय सांगून ठेवला होता. बाजेची डोक्याकडची बाजू विटांवर चढवायची, डाव्या कुशीवर झोपायचं आणि दिवेलागणीच्या आधी जेवून घ्यायचं. तिच्या नवऱ्यानं, वैभवनं, ते आज कुठं मनावर घेतलं होतं.

विटा एक वेळ चालल्या असत्या. पण जेवण! भीमपूरकडच्या त्या घरात पुरुषांच्या आधी बाईनं घास उचललेला कुणी पाहिला नव्हता. पुरुष सावकाश, उशिरा जेवत. त्यांच्यामागून बाया चार घास पोटात ढकलत, भांडी आवरत आणि तशाच अंग टाकत. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

"सासरा ओसरीवर उपाशी बसला हाय, आन् तू खुशाल वरणभात कालवून राह्यली!"

"आत्याबाई, डॉक्टरनंच सांगतलं."

"डॉक्टर! चोरून काहीबाही खाल्लं असशील, म्हून जळजळते. आमाले काय पोटं नव्हते?"

यशवंतराव उपाशी वगैरे काही नव्हते. मघाशीच चहाबरोबर वाडगाभर चिवडा हाणून ते मोबाइलवर कापसाचे भाव बघत होते. पण आपण उपाशी आहोत असं कानावर आल्यावर त्यांनाही संतापणं भाग पडलं. ते आत आले.

"सासूपासून शिक काही," ते सुनेवर कडाडले. "ह्या बाईनं कधी बाज मागतली नाही. कणगीले टेकून बसल्या-बसल्या झोपते. माह्या घराले कुलूप नाही लागत!"

हे वाक्य त्यांच्या प्रत्येक पाहुण्याला पाठ होतं. आणि ते खोटंही नव्हतं. जयवंताबाईंची बाज मधल्या खोलीत होती, पण तिच्यावर आढ्यापर्यंत कापूस रचलेला असायचा. त्या धान्याच्या कणगीला पाठ लावून बसायच्या, गालात नेहमीचा गुळाचा खडा धरायच्या आणि त्यांच्या भरवशावर सगळं घर घोरायचं. खुट्ट झालं की जाग्या. बाईची राखण अशी असावी, असं गाव म्हणायचं.

वैभव दारात उभा राहून मान खाजवत होता. सुनयनाला सासऱ्यापेक्षा त्याचाच जास्त संताप आला. इतक्या वर्षांत या घरात तिचा आवाज चढला नव्हता. आज चढला. तिनं ताट खाली आपटलं.

"मले नाही कराची राखण! मले झोपाचं हाय. आडवं झालं की घशापर्यंत आंबट येते. वाटते, जीव चालला आता. उठून टेकून बसलं की थांबते. रात-रात भितीले टेकून बसते मी. तुमाले काय समजते ते?"

जयवंताबाई चुलीपाशी आल्या. मग अगदी हळू त्यांनी विचारलं, "टेकून बसलं की थांबते?"

"हो."

"आन् विटांनं?"

"विटांनंबी थांबते म्हणे, माय," वैभव म्हणाला. "जेवन लवकर, आन् डोकसं उंच. लय लोकाईले असते हे, असं म्हणला डॉक्टर."

"कवा म्हणला? मी त तिथंच बसली होती, खाटीपाशी."

"तेलुगूत सांगतलं त्यानं. तुले सांगून काय कराचं होतं?"

जयवंताबाईंचा चेहरा लालबुंद झाला. डॉक्टर हातभर अंतरावरून बोलत होता आणि न समजता त्या माना डोलवत होत्या. त्या तरातरा अंगणात उतरल्या. परत आल्या तेव्हा दोन्ही हातांत विटा होत्या. यशवंतराव नकळत दोन पावलं मागे सरकले.

पण त्या वाकल्या. त्यांनी सुनेची बाज उचलली आणि दोन्ही विटा होत्या तशा लावल्या. मग कोनाड्यातलं दुसरं ताट काढलं, सुनेशेजारी पाट टाकला आणि बसल्या.

"जेव तू. आन् मलेबी वाढ."

"अवो, पन मी..." यशवंतराव म्हणाले.

"तुमी थांबा!" एवढा आवाज त्यांनी नवऱ्यावर कधी चढवला नव्हता. "लगन होऊन आली, तवा एकडाव सांगतलं होतं तुमच्या मायले. चोरून खाल्लं असशील, म्हणली. मंग कोनाले नाही सांगतलं."

"काय सांगतलं होतं?" यशवंतरावांना काहीच उमगेना.

जयवंताबाईंनी गालातला गुळाचा खडा काढला आणि अंगणात फेकून दिला.

"माह्या बाजेवरचा कापूस उतरवा," त्या म्हणाल्या. "आनखी दोन विटा आना. आज मले आडवं होऊन झोपाचं हाय."