अनुभवी मावशी

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर आईला घोटभर पाणीही जाईना. "झक मारली आणि पोट कापून घेतलं," म्हणत ती ढसाढसा रडायची. मी तर पार हादरलेले! तगवलं ते पेशंटांच्या ग्रुपवरच्या मावशींनी. रोज दुपारी फोनवर त्या तिचा एकेक घोट मोजायच्या. "रडूबाई, घे अजून एक! माझंही ऑपरेशननंतर असंच झालं होतं. आता बघ, कशी टुणटुणीत आहे!"

दोन महिन्यांनी आई सावरली. फुलं घेऊन आम्ही थेट मावशींच्या घरी धडकलो. दार उघडलं, तर दारभर मावशी! भिंतीला धरून धापा टाकत होत्या.

"डॉक्टर मला नाहीच म्हणाले गं, हृदयाला झेपणार नाही म्हणून. तुझे घोट मोजताना वाटायचं, माझंही झालंय ऑपरेशन."