हात पुढे करून

बेटावरच्या पहिल्याच देवळाच्या पायऱ्यांवर माकडाने बाबांच्या शर्टाच्या खिशातला चष्मा पळवला. त्यांचा स्वतःचा नाकावरच होता. खिशातला आईचा. ही सहल तिच्या हौसेची, आणि ती गेल्यापासून बाबा तिचा चष्मा खिशात घेऊनच हिंडत होते.

मी चप्पल उगारून धावले, तर रखवालदाराने अडवलं.

"ताई, चप्पल खाली ठेवा. आरडाओरडा केला की देत नाहीत. समोर केळी ठेवायची, हात पुढे करायचा आणि गप्प उभं राहायचं. मग देतात परत."

बाबांनी टपरीवरून केळ्यांची फणी घेतली, त्यातली दोन पायरीवर ठेवली आणि हात पुढे केला. माकडाने केळी निवांत सोलून खाल्ली आणि चष्मा अलगद त्यांच्या तळहातावर ठेवला. काचेवर एक ओरखडा तेवढा आला होता.

"दिला की गं," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं. "खरंच परत दिला."

वर गाभाऱ्यासमोर मी डोळे मिटून नमस्कार केला. उघडून बघते तर बाबांनी उरलेली सगळी फणी देवापुढे ठेवली होती. पुजाऱ्याने त्यांच्या हातावर फूल ठेवलं. त्यांनी ते माझ्याकडे दिलं आणि हात पुन्हा पुढे केला.

"बाबा, चला ना. मागे लोक खोळंबलेत."

"गप्प उभी राहा," ते देवावरची नजर न काढता पुटपुटले. "आरडाओरडा केला की देत नाहीत."