गमबुटांची माती

दारामागचे गमबूट. बिनसाखरेचं पाणी. डांबराचा खडा. सक्करदऱ्याहून आईचा रोजचा फोन.

दीप्तीच्या वडिलांनी, देवरावांनी, तीस वर्षं नागपूरच्या रस्त्यांवर उकळतं डांबर ओतलं. ते गेल्यावर त्यांच्या गमबुटांची माती खरवडून दीप्तीने प्रयोगशाळेत त्या बिनसाखरेच्या पाण्याच्या बाटलीत डांबराचा खडा टाकून जंतू वाढवले. दुसरं काहीच खायला दिलं नाही, तर हे जंतू डांबरातलं विषही पचवतात.

आई रोज संध्याकाळी विचारायची, "तुहे जंतू जेवले का वं आज?"

"जेवून राहिले, आई."

"पोटभर?"

दीप्ती बाटली उजेडात धरायची. काळा तवंग विरळ होत चालला होता.

"पोटभर."

"मंग मलेबी वाढून घेऊ दे."



दवाखान्यातले शेवटचे अकरा दिवस देवरावांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.