पातळ भिंत

कॉलेजातली मैत्रीण आणि तिचा नवरा शनिवार-रविवार आमच्याकडे राहायला आले. प्रदर्शनात तो तिचा हात धरून एकेक चित्र समजावून सांगत होता, आमचे हे बाकावर बसून बुटाची नाडी सैल करत होते. नाटकात तो तिच्या कानात कुजबुजायचा आणि ती खुदकन हसायची. आमचे हे चक्क घोरले. हॉटेलात त्याने तिला खुर्ची ओढून दिली, ह्यांनी माझं आइस्क्रीम संपवलं.

माझा नुसता जळफळाट. घरी आल्या आल्या खोलीचं दार लावून मी ह्यांना फैलावर घेतलं.

"शिका जरा त्याच्याकडून."

"तू तिच्याकडून गप्प बसायला शीक," हे म्हणाले. मी उशी फेकून मारली, ह्यांनी ती झेलली, आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी निघताना मैत्रीण चादरीची घडी घालत हळूच म्हणाली, "तुमची भिंत फार पातळ आहे गं. काल सगळं ऐकू आलं."

मी ओशाळले.

"हेवा वाटला तुझा. समोर चार माणसं नसली, की हा माझ्याशी एक शब्द बोलत नाही."