उभे शॉकअप

"वाकडे बसव," लाबो गाडीखालून म्हणाला.

पडानने ग्राइंडर बंद केला. पायथ्याच्या लावास गावाहून डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक गाडीचे मागचे शॉकअप त्याने सरळ उभे करून दिले होते. तीच त्याची ख्याती. तांदळाची वीस पोती लादा, नदीतल्या धोंड्यांवरून न्या, गाडी बुड टेकायची नाही. आणि लाबो, त्याचा चुलतभाऊ, ज्याच्या गाडीवर हे काम त्याने पहिल्यांदा केलं, तोच आता ते मोडायला सांगत होता.

"डोकं फिरलंय का तुझं? तिरपे केले की त्यांचा जोर जातो. भरली गाडी डुलत सुटेल."

"या खेपेला पोती नाहीत."

"मग काय आणतोयस? अंडी?"

"तू कर ना बाबा वाकडे," लाबो म्हणाला.

पडानने कुरकुरत ब्रॅकेट कापायला घेतले. त्याचं लक्ष नव्हतंच. शनिवारी त्याच्या पहिल्या मुलाची मेजवानी होती. मूल झालं की बापाने जुनं नाव टाकून नवं घ्यायचं, आणि ते नाव आजोबाने चारचौघांत पुकारायचं. बायकोने, रिनिंगने, भात बांधायची पानंसुद्धा आणून ठेवली होती. पण पडानचा बाप, म्हातारा सेलुतान, वरच्या गावाहून यायला तयार नव्हता. लाबोकडून दोनदा निरोप धाडला, दोनदा नुसतं 'नाही' आलं. नाव काय, मामाही पुकारेल. पण लोक विचारणारच, बाप कुठे आहे?

कारण पडानला ठाऊक होतं. तो शेत सोडून खाली आला, वेल्डिंग धरलं, ते म्हाताऱ्याच्या मनातून गेलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी लग्नाला आला तोही रागातच. त्याला आणायला पडानने मुद्दाम हीच गाडी पाठवली होती, बापाने आपलं काम पाहावं म्हणून. आठ तासांनी म्हातारा उतरला. कामाबद्दल चकार शब्द नाही. जेवायलाही बसला नाही. चटईवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. परत जाताना गाडीत पाय ठेवला नाही, काठी टेकत तीन दिवस चालत गेला. पाहुण्यांसमोर पडानला ते फार लागलं होतं.

दुपारी काम संपलं. लाबोने रिकामी गाडी अंगणातल्या ओंडक्यावरून नेली. ती उसळली नाही, नुसती वर जाऊन खाली आली. त्याने पुढच्या सीटवर एक घडी केलेली गादी टाकली आणि पुन्हा एकदा नेली.

"गादी कुणाला?" पडानने विचारलं.

लाबोने मान खाजवली. "काकाच सांगू नको म्हणालाय. शनिवारी त्यालाच आणायचंय, तुझ्या बापाला. लग्नाला आणला तेव्हा गाडी अशीच रिकामी होती. ओझं नसलं की तुझे ते उभे शॉकअप दबतच नाहीत, आठ तास त्यांनी त्याची कंबर ठेचून काढली. बसवत नव्हतं म्हणून चालत गेला रे तो."

"मग बोलला का नाही?"

"मीच बोलणार होतो, तर माझ्यावर खेकसला. 'पोराचं काम चोख आहे,' म्हणाला. 'माझीच हाडं जुनी झालीत.'"

पडान मागच्या चाकाशी बसला. मग त्याने ग्राइंडर उचलला.

"उतर खाली," तो म्हणाला. "अजून थोडे वाकवतो."